व्हिडिओ समजतो, पण परीक्षेत आठवत नाही

वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन शिक्षण

गेल्या अंकात ऑनलाइन शिक्षणाविषयीचे प्रश्न पाठवावेत, असे आवाहन केले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि लांबलेली पत्रे आटोपशीर केली आहेत. बहुतेक पत्रांत दोन तक्रारी एकाच दमात आल्या आहेत : ‘मन लागत नाही’ आणि ‘मार्क पडत नाहीत’. या दोहोंची कारणे पुष्कळदा निराळी असतात आणि म्हणून उपायही निराळे असतात, एवढे सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो.

प्रश्न : मी सांगलीजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. एनपीटेल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचा बारा आठवड्यांचा कोर्स केला. एकही लेक्चर चुकवले नाही. दीडपट वेगाने का होईना, सगळी पाहिली, काही तर दोनदा. पाहताना सगळे समजत होते. असाइनमेंटमध्ये २५ पैकी २३ मिळाले, पण केंद्रावरच्या परीक्षेत ७५ पैकी ३४. कोर्स मनापासून आवडला होता, त्यामुळे जास्तच वाईट वाटले. माझे काय चुकले?

उत्तर : तुमचे कष्ट कमी पडलेले नाहीत, ते चुकीच्या जागी खर्च झाले आहेत. पाहताना समजणे आणि नंतर स्वतःहून आठवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. चांगला शिक्षक एखादे गणित पायरीपायरीने सोडवत असतो, तेव्हा प्रत्येक पायरी आपल्याला पटत जाते आणि जे पटले ते आपल्याला येते, असा समज होतो. वर्गात हा समज फार वेळ टिकत नाही, कारण सर मध्येच फळ्याकडून वळतात आणि ‘आता पुढची पायरी कोण सांगेल?’ असे विचारतात. व्हिडिओ असे विचारत नाही, त्यामुळे तो समज परीक्षेच्या दिवसापर्यंत तसाच राहतो.

या बाबतीत अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी केलेला, २००६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हापुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो पहिल्या सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत, समोर काही न ठेवता, आठवेल तेवढा कागदावर उतरवला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते : त्यांना ८३ टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांपाशी ४० टक्के उरले होते, लिहिणाऱ्यांपाशी ६१ टक्के. आपल्याला पुढे किती आठवेल, असे आधीच विचारले होते, तेव्हा जास्त खात्री होती ती पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना! तुमच्या ‘सगळे समजत होते’ या वाक्यात हीच खात्री आहे, आणि ती प्रामाणिक असते म्हणूनच घात करते.

असाइनमेंटच्या २३ गुणांविषयीही थोडे बोलायला हवे. असाइनमेंट सोडवताना लेक्चर शेजारी उघडे असते, वही समोर असते, मुदत संपायला चार दिवस असतात. शिवाय उत्तरे मित्रांच्या ग्रुपवर फिरत असतात. तुम्ही तसे केले असे मी म्हणत नाही, पण समोर पाहून सोडवलेल्या उत्तराने ‘कुठे सापडते’ एवढेच पक्के होते. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० लागतात, म्हणून तुम्ही उत्तीर्ण आहात. पण गुणांच्या चार वाट्यांपैकी तीन वाटे त्या परीक्षेत आहेत, जिथे शेजारी काहीच उघडे नसते.

मागे एक विद्यार्थी अशीच तक्रार घेऊन माझ्याकडे वही घेऊन आला होता. वही पाहण्यासारखी होती : मथळे लाल शाईत, सूत्रांना चौकटी, सरांचे वाक्य शब्दशः उतरवलेले. मी ती मिटायला सांगितली आणि शेवटचे कोरे पान उघडून सातव्या आठवड्याचा विषय जेवढा आठवतो तेवढा लिही, असे म्हटले. दहा मिनिटांत त्याच्या साडेचार ओळी झाल्या, आणि त्यांतल्या तिसऱ्या ओळीत सूत्राचे चिन्ह उलटे पडले होते. तो बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिला. नंतर त्याने प्रत्येक लेक्चरनंतर वहीच्या मागच्या बाजूने लिहायला सुरुवात केली, आणि परीक्षेच्या आधी तो पुढची सुबक पाने सोडून मागचीच पाने चाळत असे.

तुम्हीही हेच करा. अर्ध्या तासाचे लेक्चर सलग पाहू नका. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरील व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदी तपासून २०१४ साली असे आढळले होते की, व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थी साधारण सहा मिनिटांच्या पुढे त्यात गुंतून राहत नाहीत. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली २१ मिनिटांच्या ऑनलाइन व्याख्यानाचे चार भाग करून प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी ठेवली, तेव्हा चाचणी देणाऱ्यांचे मन भरकटण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले आणि शेवटच्या परीक्षेतही ते सरस ठरले. तेव्हा सहा-सात मिनिटांनी थांबा, पडदा झाका, दोन ओळी लिहा, मगच पुढे जा. दीडपट वेगाची फार चिंता करू नका. दुप्पट वेगापर्यंत आकलनात मोठी घट होत नाही, असे २०२१ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील अभ्यासात दिसले आहे. वाचलेला वेळ मात्र तेच लेक्चर दुसऱ्यांदा पाहण्यात न घालवता आठवून लिहिण्यात घालवा. आणि असाइनमेंट आधी वही मिटून सोडवा, उत्तरे नंतर पडताळून पाहा.

प्रश्न : मी लातूरच्या एका महाविद्यालयात अध्यापक आहे. माझ्या ऑनलाइन विषयाला पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांनी पाचपैकी ४.६ गुण दिले, पण निकाल बेताचा लागला. दुसऱ्या वर्षी दर आठवड्याला क्विझ ठेवली. निकाल सुधारला आणि माझे गुण मात्र ३.८ वर आले. प्राचार्यांपुढे अभिप्रायाचाच कागद असतो. मी कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवावा?

उत्तर : सर, तुमच्या दुसऱ्या वर्षाच्या बाजूने मी निःशंकपणे उभा राहीन. विद्यार्थ्याचे समाधान आणि त्याचे शिकणे एकाच दिशेने जाते, असे आपण गृहीत धरतो, पण ते तसे जाईलच असे नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या प्राथमिक वर्गात याची नीट परीक्षा झाली आणि तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. एकाच विषयावर काही विद्यार्थ्यांना अनुभवी प्राध्यापकांचे ओघवते व्याख्यान मिळाले आणि काहींना तोच मजकूर गटात बसून, प्रश्न सोडवत शिकावा लागला. व्याख्यान ऐकणाऱ्यांना आपण जास्त शिकलो असे वाटले. चाचणीत मात्र प्रश्नांशी झगडणारे पुढे गेले. हा प्रयोग प्रत्यक्ष वर्गातला होता, पडद्यावरचा नव्हे. पण ओघवते सादरीकरण ऐकून ‘आपल्याला आले’ असे वाटण्याचा धोका पडद्यावर वाढतो, कमी होत नाही, असे माझे मत आहे. कॅनडातील संशोधकांनी २०१७ साली यापूर्वीच्या अनेक अभ्यासांची एकत्रित फेरतपासणी केली, तेव्हा अध्यापकांना मिळणारे अभिप्रायाचे गुण आणि विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष शिकणे यांत जवळपास काहीच संबंध आढळला नाही. प्राचार्यांपुढे तुम्ही हे जरूर मांडावे.

परंतु समाधानाला किंमतच नाही, असे कृपया समजू नका. महाविद्यालयात नाराज झालेला मुलगा निदान वर्गात बसून तरी राहतो. ऑनलाइनमध्ये नाराज झालेला मुलगा कोणाला न सांगता नाहीसा होतो. म्हणून नाराजी कशाची आहे ते वेगळे काढायला हवे. क्विझ अवघड आहे म्हणून आलेली नाराजी चालेल. क्विझ कधी येणार हे माहीत नाही, चूक कुठे झाली ते कळत नाही, शंकेला उत्तर येत नाही, म्हणून आलेली नाराजी चालणार नाही. तिच्यामुळे निकालही खाली येतो. ऑनलाइन विद्यार्थ्यांच्या समाधानावर जे संशोधन झाले आहे, त्यात व्हिडिओच्या देखणेपणापेक्षा तीन गोष्टी वारंवार पुढे येतात : काय आणि केव्हा करायचे याची स्पष्टता, शिक्षकाकडून वेळेत मिळणारे उत्तर, आणि हे आपल्याला जमेल असा विद्यार्थ्याचा स्वतःवरचा भरवसा. यांतला तिसरा घटक पहिल्या दोहोंतून वाढतो.

तेव्हा क्विझ बंद करू नका. ती पाच प्रश्नांची ठेवा, तिला थोडेच गुण द्या, ठरलेल्या वारी ठेवा, आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे तो का चुकला हे एका ओळीत लिहा. हे लिहिणे कंटाळवाणे काम आहे हे मला ठाऊक आहे, पण ते एकदा केले की पुढची तीन-चार वर्षे पुरते. पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्यांना मोकळेपणाने सांगा की या पद्धतीत अडखळल्यासारखे वाटेल आणि त्याच वेळी शिकणे होत असेल. हार्वर्डच्या त्या अध्यापकांनीही सत्राच्या सुरुवातीला असे समजावून सांगण्याचा मार्ग सुचवला आहे. अभिप्रायाच्या कागदावर ‘विषय आवडला का?’ या प्रश्नासोबत ‘तुमच्या शंकेला किती दिवसांत उत्तर मिळाले?’ असाही प्रश्न घाला. केंद्र सरकारच्या स्वयम् या ऑनलाइन मंचावरच्या अभ्यासक्रमांतून एका सत्राचे ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) घेण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ पासून दिली आहे, त्यामुळे हा कागद नीट तयार करणे आता प्रत्येक महाविद्यालयाच्या कामाचे आहे.

प्रश्न : माझी मुलगी बारावीत आहे. क्लासचे ऑनलाइन तास ती कॅमेरा बंद ठेवून करते. विचारले तर चिडते. सक्ती करावी का? (एक आई, नाशिक)

उत्तर : ताई, सक्ती करू नका. कॅमेरा बंद म्हणजे लक्ष नाही, असे सरसकट म्हणता येत नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत विद्यार्थ्यांना कॅमेरा बंद ठेवण्याचे कारण विचारले, तेव्हा आपण कसे दिसतो याचा संकोच, मागे घरातली माणसे आणि खोली दिसण्याची भीती, आणि कमकुवत इंटरनेट ही कारणे पुढे आली. सतरा वर्षांच्या मुलीला तासभर स्वतःचाच चेहरा पाहत बसणे किती जड जात असेल, याचा विचार करून पाहा. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी व्हिडिओ बैठकींनंतर येणाऱ्या थकव्याची जी कारणे मांडली, त्यांतही हे एक होते.

कॅमेऱ्याऐवजी तासानंतरची पंधरा मिनिटे पाहा. ‘आज काय शिकवले?’ असे उलटतपासणीच्या सुरात न विचारता, स्वयंपाकघरात काम करता करता ‘मला समजावून सांग बरं’ असे म्हणा. ती सांगू शकली, तर कॅमेरा बंद असल्याने काही बिघडलेले नाही. ती अडखळली, तर क्लासच्या सरांशी बोला आणि तासात मुलांना लिहून उत्तरे देता येतील असे प्रश्न ते विचारतात का, ते जाणून घ्या. विचारत नसतील, तर तुमची तक्रार मुलीविषयी नसून त्या तासाविषयी असायला हवी.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. ‘ऑनलाइनमुळे मुले मागे पडली’ आणि ‘ऑनलाइन हेच भविष्य’ ही दोन्ही वाक्ये मी एकाच बैठकीत ऐकली. खरे काय?

उत्तर : गुरुजी, कोणाचे मूल आणि कोणत्या सोयीनिशी, हे विचारल्याशिवाय दोन्ही वाक्ये अपुरी आहेत. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने जुन्या अभ्यासांची एकत्रित तपासणी करून २०१० साली दिलेल्या अहवालात, वर्ग आणि ऑनलाइन यांची जोड दिलेले शिक्षण नुसत्या वर्गापेक्षा सरस ठरले होते. हे वाक्य सर्वत्र सांगितले जाते. पण त्या जोड शिक्षणात विद्यार्थ्यांना पुष्कळदा जास्तीचा वेळ आणि जास्तीचे साहित्य मिळत होते, हे त्याच अहवालात लिहिले आहे आणि ते फारसे सांगितले जात नाही. उलट, वॉशिंग्टन राज्यातील सुमारे ४०,००० महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, ऑनलाइन विषयांत सर्वांचीच कामगिरी थोडी घसरते, पण ज्यांचे आधीचे गुण कमी होते, जे वयाने लहान होते आणि जे कृष्णवर्णीय होते, त्यांची घसरण अधिक होते. म्हणजे ज्याला आधाराची गरज जास्त, त्याच्यावरच एकट्याने शिकण्याचा भार जास्त पडतो.

आपल्याकडे तर सुरुवातच त्याहून मागून झाली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती आणि ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक. शहरांत हेच प्रमाण ४२ आणि २३.४ टक्के होते. त्यानंतर दोन वर्षांत करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. फोन वडिलांच्या खिशात रानात जातो आणि संध्याकाळी परत येतो तेव्हा रेंज नसते किंवा नेटपॅक संपलेला असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही अभ्यासमालिका सुरू झाली, ते मला त्या काळातले शहाणपणाचे पाऊल वाटते, कारण दूरदर्शनला नेटपॅक लागत नाही. बैठकीत पुन्हा हा विषय निघाला, तर एकच मागणी धरून ठेवा : आठवड्यातून निदान एकदा प्रत्येक मुलाची वही शिक्षकाच्या हातात येईल, अशी सोय आधी सांगा, मग ॲपचे बोला.

प्रश्न : माझे वय ४३. बार्शीजवळच्या गावात एका पतसंस्थेत नोकरी करते. मुक्त विद्यापीठातून बी.ए. करण्यासाठी प्रवेश घेतला, व्हिडिओ आणि पुस्तके दोन्ही आहेत. पहिले दोन महिने उत्साह होता. आता रात्री दहा वाजता पुस्तक उघडते आणि ‘कोणासाठी हे?’ असे वाटून मिटते. घरचे काही म्हणत नाहीत, पण विचारतही नाहीत. सोडून द्यावे का?

उत्तर : ताई, सोडू नका. तुम्हाला जे होते आहे त्यात तुमच्या बुद्धीचा किंवा चिकाटीचा दोष मला दिसत नाही. दुरून शिकणाऱ्यांना दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हेच गाठते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २०१२ साली विद्युत मंडलांचा (सर्किटचा) कोर्स सर्वांसाठी विनामूल्य खुला केला, तेव्हा सुमारे १,५५,००० जणांनी नावे नोंदवली आणि प्रमाणपत्रापर्यंत ७,१५७ जण पोहोचले. त्यांतले बरेचसे केवळ कुतूहलाने आले असतील, हे खरे. पण उत्तम संस्था, उत्तम शिक्षक आणि उत्तम साहित्य असूनही माणसे गळतात, ती पुष्कळदा एकटेपणाने गळतात.

कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या रँडी गॅरिसन, टेरी अँडरसन आणि वॉल्टर आर्चर यांनी २००० साली मांडले की, दुरून शिकताना तीन गोष्टींचे अस्तित्व जाणवावे लागते : शिक्षकाचे, सोबतच्या विद्यार्थ्यांचे आणि स्वतःच्या विचाराचे. तुमच्याकडे साहित्य आहे, पण पहिली दोन अस्तित्वे नाहीत. ‘कोणासाठी हे?’ हा तुमचा प्रश्न तिथूनच येतो.

मी अनेक वर्षे मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर समंत्रक, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, म्हणून काम केले. तेथे एक गृहिणी शिकत होत्या. त्यांचा पहिला स्वाध्याय मी तपासला आणि समासात ‘हे उदाहरण तुमच्या गावचे आहे का? असेल तर अजून दोन ओळी लिहा’, एवढेच लिहून परत केला. पुढच्या संपर्कसत्राला, म्हणजे केंद्रावरच्या प्रत्यक्ष तासाला, त्या दोन एस.टी. बदलून आल्या. पिशवीतून तो कागद काढला, तेव्हा त्याला समासातल्या त्या ओळीवरून घडी पडलेली होती. तीन आठवडे त्यांनी तो पर्समध्ये ठेवला होता. दोन ओळींऐवजी त्यांनी दोन पाने लिहून आणली होती. पुस्तकाने आणि व्हिडिओने जे झाले नव्हते, ते कोणीतरी आपले लिहिलेले वाचले एवढ्याने झाले. दुरून शिकणाऱ्याच्या समाधानाचे आणि प्रगतीचे मूळ जिथे एक होते, अशी हीच एक जागा मला इतक्या वर्षांत सापडली आहे, आणि ती व्हिडिओ बनवणाऱ्या मंडळींच्या हिशेबात फार क्वचित धरलेली असते.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला स्थापन झाले, तेव्हापासून अभ्यासकेंद्रे आणि संपर्कसत्रे ही त्याच्या रचनेत आहेत, ती याचसाठी. तुमच्या केंद्राच्या संयोजकांना फोन करा आणि पुढचे सत्र कधी आहे ते विचारा. त्याच विषयाला बसलेल्या, तुमच्या बाजूच्या आणखी एक-दोन विद्यार्थिनींना तुमचा नंबर द्यायला सांगा. मोठा ग्रुप नको, दोघी-तिघी पुरेत. आठवड्यातला एक वार ठरवा आणि त्या दिवशी प्रत्येकीने एका प्रश्नाचे उत्तर हाताने लिहून त्याचा फोटो दुसरीला पाठवावा. रात्री दहाची वेळ बदलता आली तर बदला. दिवसभराच्या आकडेमोडीनंतर त्या वेळी कोणाचेही डोके चालत नाही. पहाटेचा किंवा पतसंस्थेतल्या मधल्या सुट्टीचा अर्धा तास मिळाला, तरी पुष्कळ होईल.

आणि एक विनंती. ज्या धड्यावर पुस्तक मिटलेत, त्याच धड्यावरच्या एका प्रश्नाचे उत्तर, जसे जमेल तसे, एका पानावर लिहा आणि या सदराच्या पत्त्यावर मला पाठवा. मी ते तपासून, समासात लिहून, पंधरा दिवसांच्या आत परत पाठवीन.